कचऱ्याचा पत्ता बदलला, आराखडा कधी बदलणार?



परिसर अभ्यासाच्या तासाला ओला कचरा, सुका कचरा, हिरवा डबा, निळा डबा हे सगळं आपण मन लावून शिकवतो. नाशिकच्या मुलांना तर घंटागाडीचं गाणंसुद्धा पाठ असतं. पण घंटागाडी वळणावरून दिसेनाशी झाली की आपला धडा संपतो. कारखान्यातल्या कचऱ्याचा धडा तर सुरूच होत नाही. सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या औद्योगिक वसाहतींत आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील कामाला जातात. त्या मुलांना कंपनीच्या कचऱ्याबद्दल एक अक्षरही कुणी सांगत नाही, हे मला बरेच दिवस खटकतंय.

म्हणून आज भोपाळवर लिहिते आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती आपल्याला माहीत आहे, सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत तो हमखास येणारा प्रश्न आहे. मला बोलायचंय ते त्याच कारखान्याच्या आवारात आणि आवाराबाहेर मागे राहिलेल्या कचऱ्याबद्दल, आणि तो साफ करण्याच्या आराखड्याबद्दल. गेल्या वीस वर्षांत हा आराखडा पुन्हा पुन्हा बदलला. पण दर वेळी बदलला तो फक्त कचरा न्यायचा पत्ता. मूळ प्रश्नाला हात लागला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडी माहिती, कारण बऱ्याच जणांना वाटतं की तिथला कचरा म्हणजे त्या रात्रीच्या वायूचा उरलेला भाग. तसं नाही. युनियन कार्बाईडचा हा कारखाना १९६९ पासून सुरू होता. तिथे सेव्हिन नावाचं कीटकनाशक तयार व्हायचं. उत्पादन करताना जो टाकाऊ माल निघायचा तो आवारातच ठिकठिकाणी टाकला जायचा. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला मोठी तळी बांधली. रसायनमिश्रित सांडपाणी त्यात सोडायचं, उन्हाने पाणी उडून जाईल आणि खाली गाळ उरेल, अशी कल्पना. आपण मीठ कसं तयार होतं ते शिकवतो ना, तसंच. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर होतं. पण तळी गळतायत हा निरोप भारतातल्या कंपनीने अमेरिकेतल्या मुख्य कंपनीला १९८२ मध्येच कळवला होता. म्हणजे वायुगळतीच्या दोन वर्षं आधी! पुढे १९९६ मध्ये तळ्यांतला गाळ एका ठिकाणी गोळा करून त्यावर प्लॅस्टिक आणि माती टाकली. याला लँडफिल म्हणतात, म्हणजे अस्तर घालून कचरा पुरण्यासाठी केलेला खड्डा. १९९८ मध्ये कारखान्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली, आणि तिच्यासोबत हा सगळा वारसाही.

२००५ मध्ये आवारात उघड्यावर पडलेला कचरा गोळा करून, पोत्यांत आणि पिंपांत भरून, तिथल्याच एका शेडमध्ये ठेवला. तो भरला सुमारे ३४६ टन. इथून पुढे सुरू झाली ती पत्ता शोधण्याची कहाणी.

पहिला पत्ता गुजरातमधलं अंकलेश्वर. गुजरात सरकारने आधी तयारी दाखवली, मग नको म्हटलं. दुसरा पत्ता आपलाच, नागपूरजवळचं बोरखेडी. तिथे संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी आहे. २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने कचरा तिथे जाळायला सांगितलं, त्यावर महाराष्ट्रात जोरदार विरोध झाला आणि आपल्या राज्यानेही नकार दिला. मग २०१२ मध्ये जर्मनीच्या एका सरकारी संस्थेशी बोलणं झालं. सुमारे २५ कोटी रुपयांत कचरा विमानाने जर्मनीला न्यायचा ठरला. तिथेही लोक बिथरले आणि संस्थेने माघार घेतली. शेवटी उरलं ते मध्य प्रदेशातलंच पिथमपूर. २०१५ मध्ये तिथे १० टन कचरा चाचणी म्हणून जाळून पाहिला. त्यानंतर पुन्हा नऊ वर्षं शांतता.

३ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे बरोबर चाळीस वर्षांनी, उच्च न्यायालयाने सरकारला चार आठवड्यांत कचरा हलवायला सांगितलं. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर भोपाळहून निघाले. पिथमपूर इंदूरच्या जवळ आहे. आपल्या द्वारका सर्कलवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे त्याच्या जवळूनच जातो, म्हणजे अगदी परदेशातली गोष्ट नाही. दोनच दिवसांत तिथे मोठं आंदोलन पेटलं, दोन जणांनी अंगावर ज्वलनशील पदार्थ ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारीअखेर सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवायला नकार दिला. मग दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळा कचरा जळून संपला. "भोपाळचा कलंक पुसला" अशा धाटणीच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

आता पुढचा भाग मुलांना जरूर सांगा, कारण तो त्यांच्या (आणि आपल्याही) समजुतीला धक्का देतो.

कागद जाळला की चिमूटभर राख उरते, हे आपण पाहिलेलं असतं. म्हणून जाळलं म्हणजे कमी झालं, असं आपल्याला वाटतं. पिथमपूरमध्ये जाळले सुमारे ३३७ टन आणि उरलेली राख व इतर अवशेष भरले साडेआठशे ते नऊशे टनांच्या घरात. अडीच पटींहून जास्त! असं कसं? या कचऱ्यात क्लोरीन आणि गंधक असलेली रसायनं होती. ती जळताना आम्लधर्मी वायू तयार होतात. ते हवेत जाऊ नयेत म्हणून चुना आणि इतर पदार्थ भरपूर वापरावे लागतात. चुना त्या वायूंना पकडतो, त्याचे क्षार होतात, आणि ते राखेत जमा होतात. शिवाय पाऱ्यासारखा धातू जळून नाहीसा होत नाही. तो मूलद्रव्य आहे, कुठे ना कुठे राहणारच. म्हणजे भट्टीने कचरा संपवला नाही, त्याचं रूप बदललं. घातक सेंद्रिय रसायनं मोडली हा त्यातला खरा फायदा, तो मी नाकारत नाही.

मग या राखेचं काय करायचं? पिथमपूरलाच खास लँडफिल बांधून पुरायची, असा आराखडा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या आराखड्यावर बोट ठेवलं. जागा वस्तीपासून सुमारे ५०० मीटरवर, आणि राखेत पारा असल्याची शंका, म्हणून दुसऱ्या जागा शोधा असं सरकारला सांगितलं. म्हणजे पुन्हा पत्ता शोधणं आलं. भोपाळमधला ढीग कमी झाला आणि पिथमपूरला नवा, मोठा ढीग उभा राहिला.

पण माझा मुख्य आक्षेप राखेबद्दलही नाही.

शेडमध्ये ठेवलेला कचरा हा एकूण दूषित मालाचा किती भाग होता? नागपूरची नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये दिलेल्या अहवालात दूषित मातीचा अंदाज होता ११ लाख टन. अकरा लाख! आता सहावी-सातवीच्या मुलांना शेकडेवारीचं गणित घाला. ११ लाखांच्या तुलनेत ३३७ म्हणजे ०.०३ टक्के. लहान मुलांना टक्के कळत नसतील तर असं सांगा, की एक क्विंटलच्या पोत्याच्या तुलनेत ३० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे. या दोन-तीन चमच्यांसाठी १२६ कोटी रुपये मंजूर झाले. पोतं मात्र जागेवरच आहे.

आणि पोतं नुसतं पडून नाही, ते दर पावसाळ्यात भिजतंय. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं हातपंपाचं पाणी प्यायलं गेलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या लोकांना स्वच्छ पाणी द्या. २०१८ मध्ये लखनौच्या विषशास्त्र संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा दूषित भूजल असलेल्या वस्त्यांची संख्या ४२ वर गेली होती. सुरुवातीला ही संख्या बरीच कमी होती. ज्यांचा जन्म १९८४ नंतर कितीतरी वर्षांनी झाला, ज्यांनी तो वायू कधी हुंगलाच नाही, अशा मुलांच्या वाट्याला हे पाणी आलं. एक शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

हे मुलांना शब्दांत कळत नाही. त्यासाठी एक साधा प्रयोग करून बघा. दोन लिटरची पाण्याची बाटली मधून कापा. झाकणाला बारीक छिद्रं पाडा, त्यावर कापडाचा तुकडा ठेवा आणि बाटली उलटी धरून तिच्यात तीन-चार इंच धुतलेली वाळू भरा. वर चमचाभर खाण्याचा लाल रंग टाका. हा कारखान्याचा कचरा. आता हळूहळू पाणी ओता, हा पाऊस. खालच्या भांड्यात लाल पाणी येईल. इथपर्यंत ठीक. आता वरची लाल दिसणारी वाळू चमच्याने काढून बशीत ठेवा आणि मुलांना विचारा, "झालं का साफ?" बहुतेक जण हो म्हणतील. पुन्हा पाणी ओता. खाली परत लाल पाणी येतं. माझ्या वर्गात या क्षणी एकाने विचारलं, "मॅडम, मग बशीतली वाळू काढून काय उपयोग?" या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून देऊ शकत नाही. उपयोग आहे, थोडा आहे. पण एवढ्यावर सफाई झाली असं म्हणणाऱ्याचे मार्क कापायला हवेत.

कुणी म्हणेल, मॅडम, चाळीस वर्षं काहीच हललं नव्हतं, निदान ३३७ टन तरी गेले, तुम्ही काय चुका काढत बसलात? हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. उघड्या शेडमधला घातक कचरा तसाच ठेवणं कुणाच्याच हिताचं नव्हतं. जाळताना धुरातलं प्रदूषण मर्यादेत होतं, असं प्रदूषण नियंत्रण मंडळांनी न्यायालयात सांगितलंय. पिथमपूर हे मध्य प्रदेशातलं अधिकृत घातक कचरा केंद्र आहे, तेव्हा कचरा तिथे नेण्यालाही एक तर्क आहे. पण मग २०११ मधली आपली भूमिका आठवा. नागपूरला कचरा नको, हे महाराष्ट्राने ठामपणे सांगितलं. बरोबरच केलं असेल. मात्र तो दुसरीकडे गेल्यावर आपल्यापैकी कुणी विचारलं का, की कुठे गेला? आपल्या दारातून गेला म्हणजे प्रश्न सुटला, ही घंटागाडीचीच शिकवण झाली. ती आपणच दिली आहे.

आराखडा खरंच बदलायचा तर काय बदलायला हवं? माझ्या मते सुरुवात माती आणि पाण्यापासून व्हावी. दूषित माती नेमकी कुठे, किती खोल, भूजल कोणत्या दिशेला वाहतंय, याची नव्याने आणि उघडपणे मोजणी. २०१० चा अंदाज आता पंधरा वर्षं जुना झाला, दरम्यान पंधरा पावसाळे झाले. त्या जागी गॅसपीडितांचं स्मारक उभारायचा विचार सरकार बरीच वर्षं करतंय. स्मारक जरूर व्हावं. पण खालची माती तशीच ठेवून वर काही बांधण्याचं काय होतं, याचं एक उदाहरण जगात आहे आणि ते शाळेचंच आहे.

अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हूकर नावाच्या रसायन कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जमीन स्थानिक शिक्षण मंडळाला विकली. किंमत एक डॉलर! मंडळाने तिथे प्राथमिक शाळा बांधली, आजूबाजूला घरं झाली. सत्तरच्या दशकात तळघरांमध्ये आणि अंगणांमध्ये रसायनं वर येऊ लागली. त्याच शाळेत मुलगा असलेल्या लोइस गिब्ज या गृहिणीने दारोदार फिरून माहिती गोळा केली, पालकांना एकत्र आणलं. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन शाळा बंद झाली आणि शेकडो कुटुंबं हलवावी लागली. पालकहो, हे एका पालकाने सुरू केलं होतं. यातून १९८० मध्ये अमेरिकेत दूषित जागांच्या सफाईचा कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. ज्या जागेवर सफाईनंतरही घातक पदार्थ शिल्लक राहतो, तिथला उपाय दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायचा. म्हणजे आराखडा बदलणं हे तिथे अपयश मानत नाहीत, ते कामाच्या वेळापत्रकातच आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बोनफोल गावाचंही तसंच. तिथे १९६१ ते १९७६ या काळात १ लाख १४ हजार टन रासायनिक कचरा पुरला होता. आधी वर मातीचं झाकण घालून भागवलं. ते पुरेसं नाही हे लक्षात आल्यावर २००० साली ठरलं, की सगळा उकरून काढायचा. २०१० मध्ये खोदताना स्फोट झाला, काम बराच काळ थांबलं, सुरक्षेची पद्धत बदलली आणि २०१६ मध्ये कचरा काढून झाला. खर्च बाझलच्या रसायन कंपन्यांनी केला. भोपाळमध्ये हे १२६ कोटी आले ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून. युनियन कार्बाईड २००१ मध्ये डाऊ कंपनीने विकत घेतली, आणि सफाईची जबाबदारी आपली नाही असं डाऊ सांगत आलीय.

आपल्याकडेही जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. देशात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या जेमतेम सातांवर काम सुरू होतं. नव्या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मग तज्ज्ञांनी ठरावीक मुदतीत तपासणी करायची, जबाबदार कोण ते शोधायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. चांगलं पाऊल आहे. पण तपासणीला मुदत आणि प्रत्यक्ष सफाई पूर्ण करायला मात्र मुदत नाही. गृहपाठ दिला आणि वही कधी तपासणार ते सांगितलंच नाही, तर काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची सामाईक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. आपल्या वसाहतींमधून निघणारा रंगाचा गाळ, प्लेटिंगचा गाळ, वापरलेलं तेल हे सगळं नियमाप्रमाणे नोंद करूनच बाहेर पडायला हवं. प्रत्येक ट्रकसोबत माल कुठून निघाला आणि कुठे पोचला याची चिठ्ठी असते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. कंपनीने वर्षभराचा हिशेब ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असतो. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे, माहितीच्या अधिकारात हे कागद कुणीही मागू शकतं. "आमच्या जिल्ह्यातून संशयित दूषित जागांची यादी गेली का, असल्यास प्रत द्या" एवढा एका ओळीचा अर्जही पुरतो. मात्र अर्ज पालक संघाच्या नावाने नको, एखाद्या पालकाने स्वतःच्या नावाने करावा.

मुलांसाठी त्याहून सोपं काम आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घातक कचरा तयार करणाऱ्या कारखान्याने आपल्या मुख्य फाटकाबाहेर फलक लावून त्याची माहिती द्यावी. अंबडला किंवा सातपूरला चक्कर मारलीत तर असे फलक दिसतील. मात्र मुलांना एकटं पाठवू नका, तिथे ट्रकची वर्दळ असते. फाटकाच्या आत जायची गरज नाही, रस्त्यावरूनच वाचायचं. कोणता कचरा, किती, आणि तो कुठे पाठवतात, एवढं वहीत उतरवून घ्यायला सांगा. बऱ्याच फलकांवर मजकूर इंग्रजीत असतो, तिथे तुम्हाला मदत करावी लागेल. खाली तारीख लिहायची जागा असते, तीही टिपून घ्या. काही ठिकाणी रकाने कोरे सापडतील. ते कोरेच उतरवा, आणि खाली कंपनीचं नाव न लिहिता नुसता वार आणि दिनांक टाका. चौथीच्या मुलांना एवढं सहज जमतं.